रुग्णालयाचे गिऱ्हाईक

गेल्या गणेशोत्सवात आपल्या समाजातील एका तरुण व्याख्यात्यांचे भाषण झाले. काचीगुड्यात वाढलेला हा मुलगा व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेऊन पुढे एका मोठ्या सल्लागार कंपनीत स्थिरावला. विषय होता, ‘शासकीय रुग्णालये कंपनीसारखी चालवता येतील काय?’ त्यांचे उत्तर अर्थातच होकारार्थी होते. मांडणी स्वच्छ, मराठी उत्तम आणि आकडे तोंडपाठ. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही मनापासून टाळ्या वाजवल्या. बाहेर चपला शोधत असताना आपल्यातल्याच एक ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनी हळूच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, सगळे पटले हो, पण आपण सगळे खासगीवालेच एवढ्या जोरात टाळ्या का वाजवीत होतो?’’

स्मरणिकेच्या संपादकांनी लेखाचा आग्रह धरला तेव्हा दुसरा विषय सुचेना. व्यवस्थापनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पंचवीसहून अधिक वर्षे लहान मुलांना तपासण्यात गेलेल्या माणसाने त्यात लुडबूड करावी की नाही, अशी शंका वाचकांना येईल. परंतु या प्रश्नाचा एक धागा माझ्याच नोंदवहीत अडकलेला आहे आणि तो सोडवल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

प्रथम एक गोष्ट निःशंकपणे मान्य करतो. व्यापारी जगाने सार्वजनिक सेवेला काय देता येते, ते पाहायला आपल्याला हैदराबादबाहेर जाण्याची गरज नाही. १०८ हा क्रमांक आता देशातल्या बहुतेक राज्यांत लहान मुलालाही ठाऊक असतो. त्याची सुरुवात याच शहरात १५ ऑगस्ट २००५ रोजी झाली. सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू यांनी ईएमआरआय ही संस्था काढली आणि संगणक कंपनी ज्या पद्धतीने दूरवरच्या ग्राहकाची तक्रार सोडवते, ती पद्धत अपघातात सापडलेल्या माणसासाठी वापरली. त्याआधीची स्थिती आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. रुग्णवाहिका म्हणजे बहुधा एक खाट टाकलेली गाडी. आत ना प्राणवायूची खात्री, ना प्रशिक्षित माणसाची. ती कोणत्या क्रमांकावर मागवायची हेही ठाऊक नसे. रुग्ण बहुधा रिक्षातूनच येत.

१०८ने नवे औषध शोधले नाही की नवी शस्त्रक्रिया आणली नाही. तिने एकच क्रमांक दिला. फोन उचलल्यापासून गाडी निघेपर्यंत, गाडी पोहोचेपर्यंत आणि रुग्णालयाच्या दारात उतरवेपर्यंत प्रत्येक टप्प्याची वेळ लिहून ठेवली. कोणत्या भागातून कोणत्या प्रहरी किती फोन येतात हे पाहून गाड्या कोठे उभ्या करायच्या ते ठरवले. चालकाला ‘पायलट’ म्हटले आणि मागे एक प्रशिक्षित तंत्रज्ञ बसवला. ‘पायलट’ या शब्दाला आम्ही प्रारंभी हसलो होतो. पण त्या मुलांच्या चालण्याबोलण्यात त्या एका शब्दाने जो फरक पडला, तो पाहून मी हसणे सोडले. पहिल्या काही वर्षांतच तत्कालीन आंध्र प्रदेशात सहाशेच्या वर गाड्या धावू लागल्या. अडलेल्या बायांची बाळंतपणे गाडीतच होऊ लागली आणि बाळाची नाळ नीट बांधलेली, बाळ पुसून कोरडे केलेले, आईच्या अंगाशी ठेवलेले अशा अवस्थेत ती दोघे दारात उतरू लागली. बालरोगतज्ज्ञाला या तीन गोष्टींची किंमत कळते.

मात्र या कथेचा उत्तरार्ध आपल्या व्याख्यात्यांनी वगळला. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या हिशेबातली बनवाबनवी खुद्द अध्यक्षांच्याच पत्राने उघडकीस आली. कंपनी कोसळली, शेकडो मराठी घरांतली मुले तेथे नोकरीला होती, त्यामुळे त्या आठवड्याचे वेगळे वर्णन करायला नको. १०८ मात्र बंद पडली नाही. कारण २००८पर्यंत तिच्या चालू खर्चातला ९५ टक्के वाटा राज्य सरकार उचलू लागले होते. त्याच वर्षी व्यवस्थापन जीव्हीके समूहाकडे गेले आणि गाड्या धावत राहिल्या. पुढे राज्याचे विभाजन झाले आणि २०२०मध्ये आंध्रने हे काम अरबिंदो फार्माच्या प्रतिष्ठानाकडे सोपवले. महाराष्ट्राने २०१४मध्ये बीव्हीजीच्या मदतीने ९३७ गाड्या आणल्या आणि त्यांत तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर बसवला. चालवणारे हात बदलले. पण खर्चाचे ओझे मुख्यतः सरकारी तिजोरीनेच वाहिले. कंपनीची रीत आणि सरकारचा पैसा ही सांगड जमली तर काय होते, याचे १०८ हे उदाहरण आहे. ‘सरकारने बाजूला व्हावे’ या म्हणण्याचे नव्हे.

दुसरे उदाहरण आपल्या भाषाबांधवांच्या मुलखातले आहे. बासरजवळचे मुधोळ (कर्नाटकातले नव्हे) हे पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६पासून निर्मल जिल्ह्यात आहे. तेथील बाजारात आजही मराठी ऐकू येते. डॉ. गुल्लापल्ली राव यांनी १९८७मध्ये बंजारा हिल्सवर स्थापन केलेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने आपले पहिले ग्रामीण केंद्र १९९६मध्ये या मुधोळला उघडले. त्याला नाव आहे भोसले गोपाळराव पटेल यांचे. ही संस्था सरकारी नाही, न्यासाची आहे. पण तिची रचना कोणत्याही सरकारी आरोग्य खात्याने गिरवावी अशी आहे. सुमारे पन्नास हजार लोकवस्तीला एक दृष्टिकेंद्र, तेथे गावातलाच प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी. पाच लाखांना एक शस्त्रक्रिया केंद्र. जे तेथे होणार नाही तेवढेच शहरात. चष्म्यासाठी कोणी हैदराबादची गाडी पकडायची नाही.

तिसरे उदाहरण तामिळनाडूचे, आणि मला ते सर्वांत आवडते, कारण त्यात दिखाऊ असे काहीच नाही. तेथील सरकारने १९९४मध्ये औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. यादी मर्यादित, नावे मूळ औषधांची, व्यापारी नावे नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक. वर्षाची रक्कम त्यात जमा आणि जेवढे औषध उचलाल तेवढी वजा. कोणते औषध किती खपते हे ज्याच्या कपाटातून ते संपते, त्यालाच ठरवू द्यायचे. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेत पाठवायचे. ही शुद्ध वाणीबुद्धी आहे आणि आपण तिला उगाच कमी लेखतो. आमच्याकडे महाराष्ट्रात २०१७मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली गेली आणि २०२३मध्ये पुन्हा नव्या प्राधिकरणासाठी कायदा करावा लागला. तामिळनाडूचे पासबुक समोर असताना एवढा वळसा का घ्यावा लागला, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

तेव्हा गोदाम, गाडी, घड्याळ आणि हिशेब या गोष्टी व्यापाराकडून जरूर शिकाव्यात. अडचण पुढे सुरू होते.

व्याख्यात्यांनी भाषणात मायकेल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांचा उल्लेख अनेकदा केला. म्हणून मी त्यांचा १९९६चा प्रसिद्ध लेख मिळवून वाचला. त्यांच्या मते व्यवसायनीतीचे सार काय करायचे नाही, हे ठरवण्यात आहे. सगळ्यांसाठी सगळे करू पाहणारा बुडतो. आपले गिऱ्हाईक निवडावे, उरलेले सोडून द्यावे. विचार अगदी रास्त आहे. मदुराईत १९७६मध्ये डॉ. व्यंकटस्वामी यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले, तेव्हा त्यांनी डोळा निवडला आणि मोतीबिंदूवर सारी शक्ती एकवटली. एका अवयवाच्या रुग्णालयाला अशी निवड करता येते. माझ्या नर्सिंग होमलाही येते. मी निवड करतो. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळा लावून, अनामत रक्कम ठरवून, ‘जागा नाही’ असे नम्रपणे सांगून रोज करतो. रेड हिल्सच्या निलोफरला ती करता येत नाही. उस्मानियाला येत नाही. आणि नांदेडला येत नाही.

नांदेडचे नाव काढल्यावर थोडे थांबावे लागेल. माझ्या वडिलांचे गाव त्या जिल्ह्यातले. देगलूर, बिलोली, मुखेडकडची माणसे मुलाला घेऊन हैदराबादला येतात, तेव्हा बोलीवरूनच मला पत्ता कळतो. सप्टेंबर २०२३ संपता संपता तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दिवसात हा आकडा ३१वर गेला आणि बालकांचा १६वर. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना प्रसाधनगृह साफ करायला लावले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या गदारोळात वृत्तपत्रांनी दिलेला एक आकडा मात्र मागे पडला. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात खाटा २४ होत्या आणि बालके साठाहून अधिक.

पोर्टर यांच्या शिष्याने या विभागाला काय सल्ला द्यावा? प्रामाणिक सल्ला एकच निघतो. चोविसावे बाळ घेतल्यावर दार बंद करा. परिचारिकांचे प्रमाण सुधारेल, जंतुसंसर्ग उतरेल, मृत्युदर निम्म्यावर येईल. पंचविसावे बाळ कोठे जाईल, हा त्या विभागाचा प्रश्न उरणार नाही. अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणाही डॉक्टरला हे गणित चूक म्हणता येणार नाही; एका उबदार पाळण्यात तीन बाळे ठेवली की काय होते, ते आपण जाणतो. तरीही तेथले निवासी डॉक्टर पंचविसावे बाळ घेतात, चाळिसावे घेतात, साठावेही घेतात. कारण शासकीय रुग्णालयाच्या पुढे दुसरे दार नसते.

ही साठ बाळे आली कोठून? अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितलेल्या गोष्टींत एक अशी होती की अनेक रुग्ण बाहेरून, खासगी रुग्णालयांतून, अखेरच्या अवस्थेत पाठवले गेले. पुष्कळांना ही सबब वाटली. मला वाटली नाही. का, ते सांगतो.

२००३ची गोष्ट. माझे नर्सिंग होम नवे होते, दोन इन्क्युबेटर होते आणि उमेद पुष्कळ होती. देगलूरकडचा एक गवंडी येथे बांधकामावर होता. त्याच्या बायकोला एकतिसाव्या आठवड्यात बाळ झाले, वजन १,३०० ग्रॅम. चार दिवस आम्ही त्या बाळाशी झुंजलो. पाचव्या दिवशी संसर्गाची लक्षणे दिसू लागली, श्वास थांबू लागला आणि बापाचे पैसे संपले. मी शेवटच्या दोन दिवसांचे बिल माफ केले. आपण किती उदार आहोत, असेही त्या क्षणी वाटले होते, हे लपवून काय उपयोग? मग पत्र लिहिले. ‘पुढील उपचारार्थ रवाना.’ कापसात गुंडाळलेले बाळ घेऊन नवरा-बायको रिक्षातून शासकीय रुग्णालयात गेले. १०८ अजून जन्मली नव्हती. डिसेंबरचे दिवस होते. एवढेसे बाळ अर्ध्या तासात किती गार पडते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. रात्री तेथील निवासी डॉक्टरचा फोन आला. बाळ सात तासांनी गेले होते. त्याला फक्त एवढेच विचारायचे होते की प्रतिजैविके कोणती दिली होती, कारण माझ्या पत्रात ते नव्हते.

वर्षाअखेरीस मी एका परिषदेत आमच्या छोट्या विभागाचे निकाल मांडले. जगलेल्या बालकांचे प्रमाण खूपच चांगले होते, मान्यवरांनी कौतुक केले. नोंदवहीत ‘रवाना’ असा एक रकाना होता आणि त्यात त्या वर्षी अकरा नावे होती. त्या अकरांचे पुढे काय झाले, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. माझ्याकडून गेलेले बाळ शासकीय रुग्णालयाच्या मृत्युसंख्येत मोजले गेले. पुढे असाच एखादा व्याख्याता खासगी आणि सरकारी आकडे शेजारीशेजारी मांडतो आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या भगिनींच्या प्रश्नाचे हे माझ्यापुरते उत्तर आहे.

शासनाने पैसा देऊन खासगी रुग्णालयांना या कामात जोडले, तेव्हाही निवडीचा हा अधिकार आमच्याकडेच राहिला. १ एप्रिल २००७ रोजी अनंतपूर, महबूबनगर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत राजीव आरोग्यश्री सुरू झाली. महाराष्ट्राची २०१२ची जीवनदायी योजना याच वाटेने आली. आरोग्यश्रीने जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहिऱ्या मुलांच्या कानांत यंत्रे बसली. अशी मुले मी स्वतः पाठवली आहेत आणि धावत परत आलेली पाहिली आहेत. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण योजनेला दरपत्रक होते, पुढे त्यात नऊशेहून अधिक उपचार आले, आणि दरपत्रक आले की रुग्णालय कोणता आजार परवडतो हे पाहू लागते. मुलांचे नेहमीचे आजार, म्हणजे न्यूमोनिया, अतिसार, कुपोषण, हे मोठ्या शस्त्रक्रियांसाठी आखलेल्या यादीत मुळात बसणारेच नव्हते. ते चालत राहिले निलोफरकडे.

परदेशात हे सुरळीत चालते, असा एक समज आहे. इंग्लंडातील मिड स्टॅफर्डशायर येथील रुग्णालयाला अधिक स्वायत्त असा ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा दर्जा हवा होता. त्यासाठी ताळेबंद जुळवणे आवश्यक होते आणि आकस्मिक विभागातला रुग्ण चार तासांत पुढे सरकला पाहिजे, अशी राष्ट्रीय अट होती. कर्मचारी कमी केले गेले, आकडे सांभाळले गेले आणि २००८मध्ये दर्जा मिळालाही. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा फेब्रुवारी २०१३चा चौकशी अहवाल आला, त्यात त्याच काळात त्याच वॉर्डांत वृद्ध रुग्णांची किती भयंकर हेळसांड होत होती, ते सविस्तर नोंदलेले आहे. संचालक मंडळासमोर येणाऱ्या कागदांत रुग्णांची तहान नव्हती.

भाषणानंतर काही दिवसांनी मी त्या तरुण व्याख्यात्यांना दवाखान्यात चहाला बोलावले. ते आले, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘काका, म्हणजे तुमचा आक्षेप मोजण्याला नाहीच. मोजमाप चुकीच्या दारापाशी होते, एवढेच तुमचे म्हणणे.’’ मुलगा हुशार आहे. मग आम्ही दोघांनी बसून विचार केला. शासकीय नवजात विभागांत ‘येथे जन्मलेले’ आणि ‘बाहेर जन्मलेले’ अशी वेगळी नोंद ठेवली जाते. ती चांगली सोय आहे. पण पाठवणाऱ्याच्या वहीत त्याचे काहीच उमटत नाही. त्यांचे म्हणणे असे की मालाची ने-आण करणाऱ्या कंपन्या वस्तू हातून सुटली म्हणजे जबाबदारी संपली असे मानत नाहीत. ती पोहोचल्याची पावती परत येईपर्यंत नोंद उघडी राहते. ही रीत मला एकदम पटली. आणि गंमत म्हणजे, ती कंपन्यांचीच होती.

त्यातून आपल्या संस्थेच्या सभेपुढे मी एक छोटा प्रस्ताव ठेवला. आपल्यापैकी ज्यांच्याकडे नवजात बालके दाखल होतात, त्यांनी पाठवणीच्या पत्रावर चार गोष्टी लिहाव्यात: निघताना बाळाचे तापमान, दिलेली औषधे आणि शेवटच्या मात्रेची वेळ, पाठवण्याचे खरे कारण (पैसे संपले असतील तर तसेच), आणि पुढच्या रुग्णालयाशी आधी फोनवर बोलणे झाले का. आणि सात दिवसांनी आपणच फोन करून बाळाचे काय झाले ते विचारावे व आपल्याच वहीत लिहावे. बाळ गेले असेल तर ते आपल्याही मृत्युसंख्येत धरावे.

या शेवटच्या कलमावर सभेत बरीच चर्चा झाली. काहींना ते अन्यायाचे वाटले. आधी कोणाकडे दाखल झाले यावरून दोष ठरवला तर उद्या कोणी अवघड बाळ दाखलच करून घेणार नाही, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले. त्यात तथ्य आहे आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. तूर्त वही आपल्यापुरतीच ठेवायची, बाहेर कोणाला दाखवायची नाही, असे ठरले. नऊ जणांनी होकार कळवला आहे. माझ्या वहीत नव्या रकान्यात आतापर्यंत चार नावे आहेत. तीन बाळे घरी गेली. चौथ्याच्या बाबतीत फोन केला तेव्हा पलीकडच्या परिचारिकेने आधी विचारले, ‘‘तक्रार आहे का काही, सर?’’ नाही, म्हटले, नुसती चौकशी. तिने वही उघडून पाहिले आणि बाळ अजून प्राणवायूवर आहे, वजन वाढते आहे, असे सांगितले. येत्या गुरुवारी पुन्हा फोन करायचा आहे.